अर्धा मिलिमीटर लांब स्क्रू: .४१६ रिग्बीवरच्या एका स्कोपचं प्रकरण

गिऱ्हाईक आलं ते भुवईवर टाके घेऊनच. म्हणजे टाके काढून झाले होते, पण उजव्या भुवईवर अर्ध्या चंद्रासारखी गुलाबी खूण अजून ताजी होती, आणि ज्याने मोठ्या कॅलिबरच्या रायफली हाताळल्यात त्याला ती खूण बघून विचारावं लागत नाही काय झालं ते. स्कोपची, म्हणजे रायफलवर बसवलेल्या नेम धरायच्या दुर्बिणीची, मागची कड. रायफलची पेटी टेबलावर ठेवली आणि पहिलं वाक्य, "स्कोप खराब निघाला हो, एवढे पैसे घातले."

स्कोप खराब नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण ह्या प्रकरणात सस्पेन्स तो नाहीये. अशा केसेसमध्ये दहातल्या आठ वेळा काच ठीक असते आणि काचेखालचं लोखंड गडबड असतं. आकडा माझ्या अंदाजाचा आहे, वर्कशॉपमध्ये बसून बसून झालेला, तेवढाच धरा.

आधी पार्श्वभूमी. गृहस्थ पन्नाशीचे, हरणवर्गातली शिकार बरीच केलेली, .३०-०६ वर हात बसलेला, दोनशे-अडीचशे मीटरवर शांतपणे टेकून मारायची सवय. त्यांच्या त्या रायफलवर ४-१६×५० स्कोप, म्हणजे चार ते सोळा पट मोठं दाखवणारा, पुढची काच ५० मिमीची, आणि त्यावर त्यांचा जीव. मग झिम्बाब्वेत झांबेझी व्हॅलीत पहिली केप बफेलोची शिकार बुक केली. तिथे बफेलो आणि हत्तीसाठी कायद्याने किमान ९.२ मिमी कॅलिबर आणि ५३०० जूल ऊर्जा लागते, त्यामुळे .३०-०६ चा प्रश्नच नाही, ती जेमतेम ४००० जूलच्या आसपास. त्यांनी .४१६ रिग्बी घेतली. छान निवड, १९११ पासून चालत आलेलं काडतूस, ४०० ग्रेनची गोळी २४०० फूट प्रतिसेकंद, म्हणजे ६९०० जूलच्या घरात. रायफल चांगली, बोल्ट मजबूत, दस्ता सरळ. आणि मग त्या रायफलवर चढवला कोण तर तोच लाडका ४-१६×५०, कारण "ह्याची मला सवय आहे".

सवयीचा मुद्दा खोटा नाही, मी हसत नाहीये त्यावर. पण ५० मिमीची पुढची काच बंदुकीच्या नळीला घासू नये म्हणून स्कोप धरणाऱ्या रिंगा उंच घ्याव्या लागल्या, रिंगा उंच म्हणून गाल दस्त्यावर न टेकता हनुवटी टेकायला लागली, आणि स्कोप जवळपास ७०० ग्रॅमचा. बसवून दिला एका दुकानाने, टेबलाशी बसवून, सँडबॅगवर रायफल ठेवून, "दिसतंय का नीट? दिसतंय. झालं."

आता कॅम्पमध्ये काय झालं. पोहोचल्यावर पहिलं काम झिरो तपासणं, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागते का ते बघणं, हे सगळीकडे असतं, विमानात पेटी कशी आपटली असेल कोणाला माहीत. पहिली गोळी १०० मीटरवर पाच सेंटीमीटर डावीकडे. दुसरी बारा सेंटीमीटर, आणि वर. त्यांनी डायल फिरवला, साहजिक आहे, माणूस डायलच फिरवतो. तिसरी गोळी कुठे गेली ते कागदावर दिसलंच नाही. चौथ्या गोळीला सोबतच्या प्रोफेशनल हंटरने, तिकडे सगळे पीएच म्हणतात, सांगितलं की टेबल सोडा, काठ्यांच्या टेकूवर रायफल ठेवून उभ्याने मारा, कारण बफेलोसमोर टेबल नसतं. ते उभे राहिले, स्कोपमध्ये कडेला काळी सावली दिसली म्हणून मान पुढे काढली, अजून थोडी पुढे काढली, चित्र भरलं आणि चाप ओढला. भुवई फाटली.

पीएचने शांतपणे रायफल पेटीत ठेवली आणि स्वतःची जास्तीची .३७५ एच अँड एच दिली, वर साधा १.५-५×२० स्कोप. तिसऱ्या दिवशी पन्नास एक मीटरवर म्हातारा रेडा मिळाला, चिखलात लोळून अंगावर खपली धरलेला, ज्यांना तिकडे डग्गा बॉईज म्हणतात त्यातला. म्हणजे शिकार झाली. पण .४१६ तशीच परत आली, आणि पुढच्या सीझनचं बुकिंग केलेलं होतं, म्हणून ते आमच्या दारात.

मी त्यांना म्हटलं की काहीही खोलायच्या आधी मला बघू दे. हे महत्त्वाचं आहे, लोक येतानाच स्क्रू आवळून येतात आणि पुरावा नाहीसा होतो. ह्यांनी हात लावला नव्हता, नशीब.

पहिली गोष्ट, स्कोपच्या नळीवर मागच्या रिंगच्या पुढे एक चकचकीत पट्टा, चार मिलिमीटर रुंद. म्हणजे रिंग आधी तिथे होती आणि स्कोप पुढे सरकला. पुढेच सरकतो, कारण रायफल मागे जाते आणि स्कोप जडत्वाने जागीच राहू बघतो. आता ह्याचा जोर किती असतो याचा ढोबळ हिशोब करून बघा. साडेचार किलोची रायफल ह्या काडतुसाने साधारण ५.९ मीटर प्रतिसेकंद वेगाने मागे येते, आणि तो वेग समजा दोन मिलिसेकंदात येतो असं धरलं तर त्वरण निघतं तीन हजार मीटर प्रतिसेकंद वर्गाच्या आसपास, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तीनशे पट. ७०० ग्रॅमच्या स्कोपवर ते लावा, दोनशे किलोच्या वर ओढ. दोन रिंगांनी प्रत्येक गोळीला दोनशे किलो धरून ठेवायचे. त्याच जागी ४८० ग्रॅमचा स्कोप असता तर दीडशेच्या आत. वजनाचं बोलायला लागलो की लोकांना वाटतं मी खांद्यावर रायफल वागवायचं बोलतोय, ते नाही, मी हे बोलतोय. रिकॉइलची, म्हणजे गोळी सुटताना मागे बसणाऱ्या धक्क्याची, ऊर्जा .३०-०६ च्या तिप्पट, त्यामुळे तिच्यावर दहा वर्षं न हललेला स्कोप इथे तीन गोळ्यांतच सरकला याचं मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही.

आणि गंमत बघा, स्कोप चार मिलिमीटर पुढे गेला म्हणजे डोळ्यापासून लांब गेला, मग भुवई वाचायला हवी होती ना? उलट झालं. लांब गेला म्हणून काळी सावली वाढली, सावली वाढली म्हणून मान पुढे काढली, आणि मान पुढे काढली की दस्ता खांद्यात घट्ट राहत नाही. मग रायफल मोकळी धावत येते.

दुसरी गोष्ट. स्कोप उतरवला, मागचा बेस, म्हणजे रिंग जिच्यावर बसते ती रायफलला स्क्रूने जोडलेली पट्टी, बोटाने दाबला तर काही नाही. पुढचा दाबला तर अगदी सूक्ष्म टिक असा आवाज. स्क्रूवर टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळलंय ते दाखवणारा पाना, लावला तर रीडिंग बरोबर! म्हणजे स्क्रू घट्ट, बेस सैल. इथे माझा अर्धा दिवस गेला, खोटं कशाला बोलू, मी आधी बेसला तडा गेलाय का तेच शोधत बसलो. शेवटी स्क्रू काढून टोकाकडे बघितलं तर टोक चपटं झालेलं, चमकत होतं. पुढच्या बेसचा एक स्क्रू अर्धा मिलिमीटर लांब होता, भोकाच्या तळाशी, म्हणजे नळीच्या आट्यांवर जाऊन टेकला होता. आवळणाऱ्याला वाटतं बेस आवळला गेला, रेंच पण तेच सांगतो, पण स्क्रूचं डोकं बेसला दाबतच नाहीये, टोक नळीला दाबतंय. असा स्क्रू तुम्ही कितीही आवळा, बेस हलणारच.

तिसरी, मागचा बेस रिसीव्हरवर, म्हणजे बोल्ट ज्यात चालतो त्या रायफलच्या मधल्या लोखंडी भागावर, पूर्ण बसत नव्हता. खाली काळी शाई लावून ठेवला आणि उचलला तर दोनच ठिकाणी ठसा. रिसीव्हरची पॉलिश हाताने झालेली असते, वक्रता तंतोतंत नसते, असा बेस आवळला की वाकतो, आणि वाकलेल्या बेसवर रिंग आवळली की स्कोपची नळी वाकते. ह्यांच्या स्कोपची पॉवरची रिंग जड फिरत होती त्याचं कारण तेच. सैल केल्यावर हलकी झाली.

चौथं म्हणजे स्क्रूच्या भोकात कारखान्यातलं तेल तसंच. त्यावर लॉकटाइट, म्हणजे स्क्रू जागेवर धरणारा डिंक, लावलं होतं, पण तेलावर लॉकटाइट म्हणजे पाण्यावर पोस्टाचं तिकीट.

मग बोलणं आलं, की आता काय करायचं. त्यांचं म्हणणं, तोच स्कोप राहू दे, रिंगा भक्कम घाला. करता येतं, तांत्रिक अडचण काही नाही. पण मी त्यांना विचारलं की रेडा किती लांब होता? पन्नास मीटर. पीएच काय म्हणाला, जास्तीत जास्त किती लांबून मारू देतो? ऐंशी. मग सोळा पट कशाला? ते म्हणाले, "चारवर ठेवीन." बरं, चारवर ठेवा. अशा स्कोपला चारवर १०० मीटरला साधारण नऊ मीटर रुंद दिसतं. म्हणजे वीस मीटरवर दिसणार पावणेदोन मीटर. बफेलोचं धड त्याहून लांब असतं. वीस मीटरवर तो तुमच्याकडे बघत झाडीतून बाहेर आला तर स्कोपमध्ये काय दिसणार? काळं. नुसतं काळं कातडं, आणि तो खांदा आहे की मागचा पुठ्ठा हे कळणार नाही. स्कोप एक पटीवर जाणारा असला तर त्याच वीस मीटरवर आठ मीटर दिसतं, अख्खा प्राणी दिसतो, शेजारी दुसरा उभा आहे तोही दिसतो, आणि गोळी आरपार जाऊन त्या दुसऱ्याला लागणार नाही याची काळजी घेता येते. झांबेझी व्हॅलीत जेस म्हणतात ती झाडी असते, दाट, काटेरी, तिच्यात दहा मीटर म्हणजे लांब.

ते गप्प झाले. मग म्हणाले, "पीएचच्या स्कोपमध्ये पहिल्यांदा रेडा लहान वाटला, पण कुठे मारायचं ते मात्र लगेच कळलं." मी म्हटलं, झालं, तुम्हीच सांगितलंत.

पर्याय तीन-चार होते. फिक्स २.५×२० हा माझा वैयक्तिक लाडका, दोनशे ग्रॅमच्या आत वजन, बिघडायला आत काही नाही, डोळ्यापासून मोकळं अंतर भरपूर. पण त्यांना थोडी मोठी पॉवर हवीच होती, शिंगांचं बॉस, म्हणजे कपाळावरचा जाड भाग, पक्का टणक झालाय का ते बघायला. त्याला हातातली दुर्बीण असते हे मी सांगितलं, पण हट्ट धरला नाही. रेड डॉट, म्हणजे मोठं न करता नुसता लाल ठिपका दाखवणारी साइट, घ्यावा का, तेही बोललो. वजन जेमतेम शंभर-दीडशे ग्रॅम, डोळा कुठेही ठेवा, जवळच्या कामाला उत्तम. पण पहाटे झाडीतल्या अंधारात रेड्याची बाह्यरेषा वेगळी काढायला थोडी काच बरी. बिबट्यासाठी मचाणावरून संध्याकाळी मारायचं असतं तर मी उलट बोललो असतो, तिथे मोठी काच घ्या म्हणालो असतो, ५६ मिमीची ८ वर ठेवली की ७ मिमी प्रकाश डोळ्यात येतो. पण ही रायफल त्या कामाची नाही.

ठरलं १-६×२४, तीस मिमी नळी, वजन पाचशेच्या आत, आय रिलीफ, म्हणजे डोळ्यापासूनचं मोकळं अंतर, ९५ मिमी. पुढे काच फुगलेली नसल्याने सर्वात बुटक्या रिंगा चालतात. ४ वर ठेवला तरी २४ भागिले ४, म्हणजे ६ मिमी प्रकाश, पहाटेला पुरे. रेटिकल, म्हणजे स्कोपमध्ये दिसणारी नेमाची फुली, जाड दांड्यांचं, मध्ये लाल ठिपका, दिवसाही दिसेल इतका तेज. आणि रेटिकल सेकंड फोकल प्लेनमधलं, म्हणजे पॉवर बदलली तरी तेवढंच जाड दिसणारं, मुद्दाम, कारण फर्स्ट फोकलमधलं रेटिकल एकवर आणलं की बारीक होत होत केसासारखं होतं, काळ्या रेड्यावर सावलीत ते शोधत बसायचं का.

आता बसवणं, खरं काम इथे आहे.

बेसचे स्क्रू ६-४८ मापाचे होते, साडेतीन मिमीचे. भोकं मोठी करून ८-४० केले, ४.२ मिमी. आट्यांच्या मुळाशी धातूचं क्षेत्रफळ सुमारे ४० टक्क्यांनी वाढतं. प्रत्येक स्क्रू बेसशिवाय हाताने आत घालून किती फेरे जातो ते मोजला, मग बेससकट मोजला, आणि पुढचे दोन्ही घासून लहान केले. भोकं ॲसिटोनने तीनदा पुसली, तिसऱ्यांदा कापूस स्वच्छ आला तेव्हा थांबलो. मागच्या बेसखाली एपॉक्सीचा पातळ थर, रिसीव्हरला रिलीज एजंट लावून, म्हणजे बेसला तंतोतंत खुर्ची मिळाली. निळं लॉकटाइट, लाल नाही. लाल लावलं की पुढच्या माणसाला ते काढायला आच द्यावी लागते आणि तो पुढचा माणूस बहुधा मीच असतो.

रिंगा लिव्हरवाल्या, बिनपान्याच्या निघणाऱ्या. त्यांना लॅपिंग केलं, सळई पुढेमागे घासून. आधी जेमतेम निम्मा भाग टेकत होता, तो तीन चतुर्थांशाच्या वर आणला. रिंगच्या आत किंचित राळेची पूड लावली, व्हायोलिनच्या गजाला लावतात तीच राळ. जुनी युक्ती आहे आणि अजून चालते. वरचे स्क्रू २ न्यूटन-मीटर, थोडे थोडे, तिरके तिरके, कारच्या चाकासारखे. जास्त घट्ट म्हणजे जास्त चांगलं असं इथे नसतं, ॲल्युमिनियमची नळी आहे.

पण रिंग आवळायच्या आधी माणूस उभा करायचा. दुकानात टेबलाशी बसून मापलं होतं तिथेच घोळ झाला होता. टेबलावर माणूस पुढे झुकतो, डोळा जवळ येतो, म्हणून स्कोप पुढे बसवला जातो, आणि मग उभं राहिलं की डोळा मागे जातो आणि सावली दिसते. मी त्यांना शिकारीतला शर्ट घालून यायला सांगितलं होतं. डोळे मिटा, रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा, आता उघडा. पॉवर सहावर, कारण तिथे डोळ्याची जागा सर्वात अरुंद असते. सावली दिसली की स्कोप दोन मिमी मागे. परत डोळे मिटा. असं पंधरा-वीस वेळा, ते कंटाळले. मग काठ्यांवर, मग गुडघ्यावर, मग चढावर मारतोय असं नळी वर करून. चढावर भुवई सर्वात जवळ येते, तिथे मी ७५ मिमीच्या खाली जाऊ देत नाही. उभ्याने ९३ मिमी निघालं, चढावर ७८. तिथे खूण केली.

आणि तेवढ्यात नवी अडचण. डमी काडतूस भरून जोरात बोल्ट ओढला तर ते स्कोपच्या उजव्या टरेटच्या, म्हणजे नेम जुळवायच्या डायलच्या, टोपीला आपटून परत आत पडलं. .४१६ चं काडतूस अखंड साडेनऊ सेंटीमीटर लांब, रिंगा बुटक्या केल्या, टरेट खाली आला. स्कोप पुढे सरकवावा तर डोळा बिघडतो. शेवटी पुढची रिंग उलटी फिरवली, ती एका बाजूला थोडी सरकती असते, त्यामुळे टरेट पाच मिमी पुढे नेता आला आणि त्याच वेळी दस्त्याच्या मागचा रबरी पॅड पातळ केला, म्हणजे डोळा तेवढाच पुढे आला. ह्या पॅडचं आधी सुचायला हवं होतं, दस्ता त्यांना तसाही लांबच होता.

मग गोळ्या. एका दिवसात दहाच्या वर नाही, माणूस चेहरा आक्रसायला लागतो आणि मग आपण स्कोप तपासतोय की भीती हे कळत नाही. वजनं टाकून रायफल जखडायची ती गाडी मी वापरू देत नाही, रिकॉइल खांद्याऐवजी दस्त्यात आणि माऊंटमध्ये जातं. उंच टेबलावर उभ्याने झिरो केला, १०० मीटरला बरोबर मध्ये. ५० ला एक सेंटीमीटर वर, २० ला दीड सेंटीमीटर खाली, म्हणजे रेड्याच्या हिशोबाने सरळ रेघ. मग स्कोप काढायचा, परत लावायचा, एक गोळी, पाच वेळा. पाचही गोळ्या १०० मीटरवर तळहातात मावतील अशा. आणि स्कोप काढून उघड्या साइटवर, ५० मीटरला, ह्याच काडतुसाने. बघितलं तर पुढची साइट उंच होती, गोळ्या वीत भर खाली, घासून बरोबर केली. रायफल विकत घेऊन वर्ष झालं होतं आणि ही साइट कधी कोणी तपासलीच नव्हती. स्कोप झाडावर आपटून फुटला तर हीच कामाला येणार होती.

चार दिवसांत चाळीस गोळ्या. स्कोपच्या नळीवर रिंगच्या मागे पेन्सिलची रेघ मारली होती, ती जागेवर. भुवई पण.

पुढच्या सीझनला ते गेले, आले, आणि फोटो दाखवले. रेडा मिळाला, पस्तीस मीटरवर, पहिली सॉफ्ट, म्हणजे आत गेल्यावर फुलणारी गोळी, मागोमाग सॉलिड, न फुलणारी. मी खूश. मग त्यांनी एक गोष्ट जरा उशिरा सांगितली. आदल्या दिवशी लांबच्या कळपात शिंगं बघायला त्यांनी पॉवर सहावर नेली होती, दुर्बिणीचं मी सांगूनही, आणि ती सहावरच राहिली. संध्याकाळी परतताना पंधरा मीटरवर एक रेडा उठला, त्यांनी रायफल वर केली तर सगळं काळं. पीएचने हात पुढे करून त्यांच्याच स्कोपची पॉवरची रिंग खाली फिरवली. रेडा निघून गेला, काही झालं नाही.

तर आता त्या पॉवरच्या रिंगवर एक छोटी दांडी बसवली आहे. एकवर असली की ती आडवी पडते, अंगठ्याला लागते. दुसऱ्या कुठल्याही आकड्यावर ती उभी राहते आणि उघड्या डोळ्यानेही दिसते. ४-१६×५० परत .३०-०६ वर गेला, आणि तो अर्धा मिलिमीटर लांब स्क्रू मी माझ्या टेबलाच्या खणात काड्यापेटीत ठेवलाय, नवीन पोरं कामाला आली की त्यांच्या हातात देतो आणि विचारतो ह्यात काय चुकलंय सांगा.